काऊन इकली असन?

कुठलीही जुनी वस्तू हातात आली की बाई ती आधी उलटी करत. मग ते स्टूल असो, पितळी डबा असो की भिंतीवरचं घड्याळ. खालची बाजू उजेडात धरायची, बोटाच्या पेराने टकटक करायची, नाकाजवळ न्यायची आणि मान तिरपी करून म्हणायचं, "काऊन इकली असन?" म्हणजे, का विकली असेल?

हा प्रश्न दुकानदाराला नसे, सोबत आलेल्या माणसालाही नसे. तो त्या वस्तूलाच असे. आणि वस्तूकडून काही उत्तर मिळेपर्यंत बाईंचा तिच्यावर विश्वास बसत नसे.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या घरात काय आहे याची सगळ्यांना उत्सुकता असते आणि ज्याच्या घरी जायला मात्र कुणी तयार नसतं. गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या आमच्या गल्लीत त्या या बाई. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या, उंच, हाडापेराने मजबूत. आमच्या शेजारच्या प्लॉटवर त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं, पुढे छपरी, म्हणजे ओसरी, काढली आणि घर सजवायला घेतलं. पण नवी म्हणून एक वस्तू त्या घरात आली नाही.

सामान यायचं हातगाडीवरून, तेही चादरीखाली झाकून. बाई गाडीच्या मागून चालत. चादरीखालून कधी एखादा लाकडी पाय बाहेर आलेला असे, कधी आरशाचा कोपरा उन्हात चमकून जाई. गल्ली आपापल्या दारात उभी राहून बघायची.

"झाकून काऊन आनते?" माझ्या सासूबाई म्हणत. "हक्काचं असतं तं उघडं आनलं असतं."

सासूबाई केशोरीकडच्या. त्यांचं मत असं, की जुनी वस्तू म्हणजे मेलेल्या माणसाची वस्तू, आणि मेलेलं माणूस आपल्या वस्तूमागे येतं. समोरच्या घरच्यांना चोरीच्या मालाचा संशय होता. कोपऱ्यावरचा किराणावाला तोंडाने काही म्हणत नसे. हातगाडी गेली की फक्त भुवया उडवत असे. बाईंना हे सगळं कळत होतं. एकदा भर गल्लीत गाडी थांबवून त्या म्हणाल्या, "पायून घ्या. नाई तं मंग जेवन नाई जात तुमाले." पण चादर काही उचलली नाही.

माझी ओळख झाली ती पडद्यांमुळे. मी घरीच शिलाई करते. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. एका सकाळी बाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. काखेत साड्यांचं गाठोडं.

"परदे शिवून देतीस काय वो?"

मी वरची साडी उलगडली. जांभळी, रुंद काठाची, नीट जपलेली. "कुणाच्या आहेत या?"

"तेच तं मी बी विचारून राहिली. दुकानवाला सांगत नाई."

त्यांना मी बसवलं, चहा दिला. चहा संपल्यावर त्यांनी कप उलटा करून पाहिला, बशी उलटी करून पाहिली, आणि निघताना ज्या खुर्चीवर बसल्या होत्या तीही आडवी करून तिच्या पोटाखाली डोकावल्या. "ही इकू नका," एवढं सांगून गेल्या. सासूबाईंनी गाठोड्याला बोटही लावलं नव्हतं, तरी त्या मोरीवर जाऊन साबणाने हात धुऊन आल्या.

पडदे शिवून झाल्यावर टांगायला मदत हवी म्हणून मी गेले, तेव्हा ते घर मी पहिल्यांदा आतून पाहिलं. बैठकीत कुठल्यातरी बंद पडलेल्या टॉकीजच्या खुर्च्या होत्या, एकमेकींना जोडलेल्या. बसलं की सीट खाली यायची, उठलं की फटकन वर जायची. धान मोजायच्या लाकडी पायलीत हिरवा वेल लावला होता. न्हाव्याच्या दुकानातला लांबलचक आरसा स्वयंपाकघरात होता. तो तिथे का, असं विचारलं तर म्हणाल्या, "भाजी चिरताना मागून कोन येते ते दिसते." भिंतीवर एका लग्नाचा मोठा फोटो. फेटा बांधलेले लोक, पुढे मांडी घालून बसलेली मुलं, एका कडेला चष्मा लावलेली मुलगी.

"हे तुमच्याकडचं लग्न का?"

"कोनी नाई माहे. फ्रेम चांगली होती. मानसं अंदरच होती." त्या फोटोकडे जरा नापसंतीने पाहत म्हणाल्या, "आता त्यांले काढून कोठी ठेवू?"

तरी एक सांगायला हवं, ते घर देखणं होतं. दुपारचं ऊन जांभळ्या पडद्यातून आत आलं की साध्या फरशीलाही रंग चढायचा. प्रत्येक वस्तू अशा जागी ठेवलेली की तिथून हलवावीशी वाटू नये. आपण नवीन फर्निचर आणतो आणि भिंतीला लावून मोकळे होतो. बाई एखादं स्टूल घरभर फिरवत, चार दिवस इथे, चार दिवस तिथे, नवीन सुनेला घरातली माणसं ओळखीची व्हावीत तसं.

"नवं काऊन नाई घेत?" मी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं.

"जिंदगीभर क्वार्टरात राहिली. खाटेवर नंबर, कपाटावर नंबर, बादलीवर नंबर. बदली झाली का सारं तथीच ठेवून निघायचं." मग म्हणाल्या, "आन नव्याचं काही समजत नाई मले. नवं मुकं असते."

मला लेस, बटणं, अस्तर आणायला गोंदियाच्या बाजारात जावं लागे. हळूहळू आम्ही सोबत जाऊ लागलो. माझं काम पाच मिनिटांत उरकायचं, बाईंचं जुन्या सामानाच्या दुकानात दुपार खायचं. दुकानदार हिंदी बोलणारा, गंमत्या माणूस. बाईंची प्रश्नपत्रिका सुरू झाली की तो हात जोडायचा. "मॅडम, आप सामान ले रहे हो के बयान ले रहे हो?"

"दोनों," बाई म्हणायच्या.

एकदा त्याच्याकडे शिशवी रंगाचं ड्रेसिंग टेबल आलं होतं. कोरं दिसावं इतकं चांगलं. मला ते फार आवडलं. बाईंनी खण ओढला. आत टिकल्यांचं एक पाकीट होतं, अर्धं वापरलेलं. त्यांनी ते पाकीट होतं तिथेच ठेवलं, खण हळूच बंद केला.

"लग्नातलं आहे. वरीस बी नाई झालं."

"मग चांगलंच की."

"पोरीचं काही खरं नाई झालं," त्या म्हणाल्या आणि दुकानाबाहेर पडल्या.

मग बंगई आली.

उन्हाळा लागला होता. हातगाडीवर आडवी टाकलेली, नेहमीसारखी चादर, पण चारी बाजूंनी साखळ्या लोंबत होत्या, त्यामुळे गल्लीला आधीच कळलं. बंगई म्हणजे आमच्याकडचा झोपाळा. घरात किंवा छपरीत टांगलेली, दोन माणसं ऐसपैस बसतील अशी. ही एकाच फळीची होती, जाड, काळसर झालेलं सागवान. बाईंनी ती छपरीत उतरवून घेतली, भिंतीला टेकवली आणि तशीच ठेवून दिली. आठवडा गेला, दुसरा गेला. छताला कड्या बसवून तयार होत्या, पण बंगई काही वर जाईना.

मी विचारलं तेव्हा त्यांनी माझा हात धरून फळीच्या उजव्या टोकावरून फिरवला. तिथे लाकूड घासून गुळगुळीत, किंचित खोलगट झालं होतं. डावीकडे तसं काही नव्हतं.

"एकाच बाजूनं घासली. म्हनजे एकच मानूस बसे, आन रोज बसे. रोज बसनारं मानूस बंगई इकते काय? त्याच्या बुडाखालून कोनीतरी ओढून इकली."

"अहो, नसेल तसं."

"मंग कसं असन?"

बाजारात गेल्यावर दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, एक टेम्पोवाला दरेकसा साइडचा माल आणतो, त्यातच आली. बाईंना तेवढं पुरेसं होतं. "चाल तू बी," त्या मला म्हणाल्या. "दोघी असलं तं लोक खरं बोलतात. एकटीले उडवून लावतात."

सकाळच्या पॅसेंजरने आम्ही निघालो. सालेकसा मागे पडलं की दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात, जंगल अगदी रुळांपर्यंत उतरतं. दरेकसाला उतरलो ते आम्ही दोघी आणि एक दूधवाला. स्टेशनबाहेर चहा विकणाऱ्याला बाईंनी विचारलं, कोणाच्या छपरीत मोठी बंगई होती? त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिलं आणि बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पलीकडचं एक घर दाखवलं. आम्ही चालू लागल्यावर तो मागे उभा राहून आम्हाला न्याहाळत होता, हे मला पाठीला कळत होतं.

घर मातीचं, पण निळ्या चुन्याने सुबक रंगवलेलं. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, त्यांचा गोडसर वास भरून राहिला होता. छपरीत एक म्हातारा सुतळी वळत बसला होता. अंगणात तिशीतली एक बाई सुपात तांदूळ पाखडत होती. त्याची सून असावी. छपरीच्या आढ्याला दोन लोखंडी आकडे होते आणि त्यांना काहीच टांगलेलं नव्हतं.

"बाबाजी," बाई म्हणाल्या, "तुमच्या घरी बंगई होती ना?"

म्हाताऱ्याचे हात थांबले. त्याने बाईंच्या बंद चपला पाहिल्या, खांद्यावरची खाकी पिशवी पाहिली, मग मला पाहिलं.

"नाई. आमच्या घरी बंगई नव्हती."

"सागवानाची. एका फळीची."

"सागवान तं नाईच नाई."

"मंग हे आकडे कायचे?"

"कंदील टांगतो," म्हातारा म्हणाला आणि सुतळीकडे बघू लागला.

एका कंदिलाला दोन आकडे. बाई माझ्या कानाशी वाकल्या. "भेऊन राहिला. पाय, सुनेले भेते." मला काही सुचायच्या आत त्या अंगणात उतरल्या आणि त्यांनी सुनेला गाठलं. नर्सबाईंचा आवाज दवाखान्याच्या दोन वॉर्डांना पुरेल असा होता. कुडाच्या पलीकडे शेजारणी गोळा झाल्या.

"सासऱ्याच्या जित्तेपनी त्याचं घर इकून राहिली काय वो? म्हाताऱ्याले बसाची जागा ठेवली नाई, अन तो भेऊन बोलत बी नाई! कोठी फेडशीन हे?"

सुनेने सूप खाली ठेवलं. तिने आमच्याशी वाद घातला नाही. ती वळून सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, सांगा यायले. कोनं इकली ते सांगा. साऱ्याईसमोर सांगा."

म्हातारा उठला, खांबाला धरून उभा राहिला. "तुमी जंगलखात्याच्या नोहो?"

"मी नर्स आहे," बाई म्हणाल्या. "रिटायर."

"मंग पयलेच सांगाव ना, बाई." त्याने मोठा श्वास सोडला. "मले वाटलं सागवानाची चौकशी आली. माह्या जुन्या घराच्या दरवाज्याची फळी आहे ते. मीच बंगई केली. पन कोन मानते?"

मग त्याने सांगितलं. बंगईवर त्याची बायको बसायची. दुपारी सगळी कामं उरकली की उजव्या टोकाला, पाय वर घेऊन. दोन वर्षांपूर्वी ती गेली. "रिकामी बंगई हवेनं हालते बाई. साखळी वाजते. मी झोपेतून उठून पायतो, आली काय म्हून." त्याने आढ्याच्या आकड्यांकडे पाहिलं. "रोज पायतो. मंग टेम्पोवाला आला तं मीच म्हटलं, घेऊन जा."

"मी नाई म्हनत होती," सून म्हणाली. आता तिचा आवाज फुटला. "माहा पोरगा त्याच बंगईवर मोठा झाला. टेम्पोत टाकली तवा मी घरात जाऊन रडली. अन तुमी साऱ्या गावासमोर मले..." तिने सूप उचललं आणि आत गेली. शेजारणी आमच्याकडे बघत होत्या. त्यांनी आमच्यासाठी वाट मोकळी करून दिली, एवढंच.

परतीच्या गाडीला वेळ होता. फलाटावर आम्ही पिंपळाच्या पारावर बसलो. तिथे बाईंनी जे सांगितलं, ते मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं.

नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा त्यांची आई गेली. रजा संपली तशा त्या कामावर परतल्या. घर भावाच्या हाती. पुढे एका आठवडी बाजारात लसीकरणाची पेटी खांद्याला लावून जात असताना जुन्या सामानाच्या ढिगात त्यांना आईची लाकडी पेटी दिसली. झाकणावर आईनेच लावलेली पत्र्याची पट्टी होती.

"घेतली नाही तुम्ही?"

"नाई. घेतली असती तं घरी न्यावी लागली असती. घरी नेली तं भाऊ चोर झाला असता. म्हून मी मान खाली घातली अन निघाली. भाऊ मरेपर्यंत त्याले काही म्हटलं नाई मी." त्या पुढे म्हणाल्या, "जथी बोलाचं होतं तथी बोलली नाई. आज भलत्याच पोरीवर बोलली."

मला एकदम हातगाडी आठवली. "म्हणून चादर घालता होय?"

"रस्त्यानं जाताना ज्याची आहे त्याले दिसली तं?" त्या म्हणाल्या. गाडीची घंटी झाली आणि आम्ही उठलो.

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा कुंपणाशी आल्या. "चाल. तू होतीस ऐकाले, आता बी पायजे." मी म्हटलं, चिठ्ठी पाठवा, कशाला जाता. त्या म्हणाल्या, "आळ साऱ्याईसमोर घेतला. घरात जाऊन माफी मांगू काय?"

आम्ही गेलो तेव्हा बोरिंगवर पाण्याची गर्दी होती. सून रांगेत होती, डोक्यावर चुंबळ. बाई सरळ तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच दोन वॉर्डांच्या आवाजात म्हणाल्या, "या पोरीवर मी खोटा आळ घेतला. हिनं काही इकलं नाई. चुकी माही आहे. ज्यायनं त्या दिवशी ऐकलं त्यायनं आज बी ऐका."

हापशाचा आवाज थांबला होता. सुनेने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"झालं बोलून? पानी भरू द्या आता."

बाई बाजूला झाल्या. त्यांना एवढंच मिळालं आणि त्यांनी ते घेतलं. जाताना फक्त आपला फोन नंबर सांगितला आणि म्हणाल्या की त्या गोंदियाला फुलचूरला राहतात, दवाखान्याचं काही काम पडलं तर यावं. रांग पुढे सरकली. गावाच्या वळणापर्यंत मात्र म्हातारा काठी टेकत आमच्यामागे आला.

"कोठी टांगली?"

"नाई टांगली अजून."

"खिडकीपाशी नका टांगू," तो म्हणाला. "हवा लागते."

त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या नवऱ्याने आणि मी हात लावला आणि बंगई वर गेली. छपरीत नाही, बैठकीच्या आतल्या कोपऱ्यात, नव्या कड्या बसवून, खिडकीपासून दूर. बाई तिच्यावर बसत, पण नेहमी डाव्या टोकाला.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी बाईंचा आवाज आला, "लौकर ये वो, अन तुह्या नवऱ्याले बी आन." दरेकसाहून फोन आला होता. म्हाताऱ्याच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, सून त्याला घेऊन दुसऱ्या दिवशी येणार होती. गोंदियात त्यांचं ओळखीचं कुणी नव्हतं. बाईंना ऑपरेशनची काळजी नव्हती. दवाखाना त्यांच्या घरचा. त्यांना काळजी होती बंगईची.

"उतरवा. तुमच्या घरी ठेवा. त्याच्या कानावर साखळी नाई पडली पायजे."

आम्ही ती उतरवून आमच्या मागच्या पडवीत आणली. मला वाटलं, आता सासूबाई घर डोक्यावर घेणार. मेलेल्या बाईची बंगई, तीही आमच्या पडवीत! त्यांनी सगळं विचारून घेतलं, कोण म्हातारा, कोण सून, बायको कधी गेली. मग आत गेल्या आणि आपली जुनी वाकळ घेऊन आल्या. स्वतःच्या हाताने ती बंगईवर पसरली, साखळ्या आत खोचल्या. "नीट झाका," मला म्हणाल्या. "म्हाताऱ्याले दिसू नोको देजा."

ऑपरेशन चांगलं झालं. बाईंनी सगळीकडे हात धरून नेलं, कुणाला ओरडल्या, कुणाशी गोड बोलल्या. म्हातारा डोळ्यावर पट्टी बांधून टॉकीजच्या खुर्चीत बसायचा. उठताना सीट फटकन वर जायची, तो दचकायचा आणि मग लहान पोरासारखा हसायचा. सून मात्र पाहुणीसारखी कडेकडेने वावरत होती. बाईंना ती हो-नाहीपलीकडे बोलत नसे. आल्या दिवशीच तिने मान वर करून छतातल्या रिकाम्या कड्या पाहिल्या होत्या, ते मी पाहिलं होतं. बाईंनीही पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी वांग्याची भाजी घेऊन गेले. सून चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, भाकरी थापत होती. बाई दाराशी उभ्या होत्या. आरशात दोघींचे चेहरे दिसत होते.

"बंगई कोठी आहे?" सुनेने वळून न पाहता विचारलं.

"शेजारी. हिच्या घरी."

"इकली नाई?"

"नाई."

"मंग काढली काऊन?"

"वाजते," बाई म्हणाल्या.

तव्यावरची भाकरी फुगून वर आली होती, ती सुनेने काढली, ताटात ठेवली. सासऱ्याचं ताट आधी वाढायचं, हा तिचा रोजचा नेम. त्या दिवशी ते ताट तिने बाईंच्या हातात दिलं.

"जेवा. थंडी होऊन राहिली."

त्यानंतर दर वर्षी दरेकसाहून लाखोरीची डाळ, मोहफुलं, कधी जंगलातला मध येऊ लागला. सून आली की बाईंच्या घरी उतरायची आणि बाईंशी भांडायचीसुद्धा; नातं झाल्याची ती खूण. म्हातारा गेल्यावर ती टेम्पो घेऊन बंगई मागायला आली. बाईंनी चादर शोधली, तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या. माहीच आहे. उघडी नेतो." आमची गल्ली दारात उभी राहिली आणि त्या दिवशी पहिल्यांदा कुणी काही पुटपुटलं नाही.

मग बाईंचे गुडघे गेले. नागपूरहून भाची आली, त्यांना आपल्या फ्लॅटवर नेते म्हणाली. जायच्या आधी बाईंनी घरातलं सगळं वाटून टाकलं. विकलं काहीच नाही. दुकानदार बिचारा दोनदा येऊन परत गेला. मी म्हटलं, थोडं तरी विकायचं, कामाला आलं असतं. त्या म्हणाल्या, "इकलं का पुढच्याले प्रश्न पडते." वस्तू देताना घेणाऱ्याला बसवून ती कुठून आली, आधी कुणाची असावी, तिला काय आवडतं, हे सगळं सांगत. समोरच्या घरच्यांना आरसा मिळाला. किराणावाल्याला पायली मिळाली आणि त्याच्या भुवया कितीतरी वेळ वरच राहिल्या.

नागपूरहून त्यांचा फोन यायचा. एकदा मी विचारलं, "करमतं का तिकडे?"

"सारं नवं आहे अथी. सोफा नवा, खाट नवी. पोरीनं प्लास्टिक बी नाई काढलं अजून." मग म्हणाल्या, "कोनावर संशय घेवाले बी काही नाई वो."

आम्ही दोघी हसलो. फोन ठेवल्यावर मी मशीनवर बसले, पण धागा ओवता येईना.

शेवटचा फोन भाचीचा होता. बाई गेल्या ती दुपार तिने सांगितली. समोरच्या इमारतीत कुणी भाडेकरू राहायला येत होते आणि खाली त्यांचा टेम्पो लागला होता. सगळं जुनं सामान. बाईंनी आपली खुर्ची बाल्कनीत न्यायला लावली. कपाट उतरलं, तेव्हा त्यांनी भाचीला हाक मारून दाखवलं. खाट उतरली, तेव्हा म्हणाल्या, दोन पिढ्यांची आहे. भाची चहा ठेवायला आत गेली. कप घेऊन परत आली तेव्हा बाईंची मान कठड्याच्या बाजूला कलली होती, आणि खाली टेम्पोवाला रिकाम्या गाडीत उभा राहून दोर गुंडाळत होता.